रक्ताळणाऱ्या हिरड्या आणि त्यांचा उपचार

सकाळी दात घासून झाल्यावर चूळ टाकावी आणि पाण्यात एक तांबडी रेघ दिसावी, हा अनुभव बहुतेकांना कधी ना कधी आलेला असतो. दुखत काहीच नसते. दात हलत नसतो, खाताना त्रास होत नसतो. घरातील वडीलधारे माणूस सांगते, "ब्रश टोचला असेल. चार दिवस ब्रश बाजूला ठेव, बोटाने मंजन लाव." हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि तो तंतोतंत पाळलाही जातो. आजच्या व्याख्यानाचा विषय ह्या तांबड्या रेघेपुरता, आणि ती दिसल्यावर पुढील काही आठवड्यांत काय केले जाते व काय करावयास हवे, एवढ्यापुरताच मर्यादित आहे. विषय लहान वाटेल. परंतु ह्या अवस्थेत आजार पूर्णपणे माघारी फिरविता येतो आणि पुढील अवस्थेत तो केवळ थोपविता येतो. ह्या दोहोंमधील अंतर फार मोठे आहे.

हिरडी ही दाताच्या मानेभोवती घट्ट बसलेल्या कॉलरसारखी असते, अशी कल्पना करावी. कॉलर आणि मान ह्यांच्यामध्ये जशी बारीक फट राहते, तशीच हिरडीची कड आणि दात ह्यांच्यामध्येही एक उथळ खाच असते. निरोगी माणसात तिची खोली सुमारे १ ते ३ मिलिमीटर भरते. खाचेच्या तळाशी हिरडी दाताला चिकटलेली असते. त्याखाली तंतूंचे बंध असतात, आणि हे बंध दाताचे मूळ जबड्याच्या हाडाशी जखडून ठेवतात. आजाराच्या आरंभी सूज येते ती केवळ ह्या कडेला. बंध शाबूत असतात, हाड शाबूत असते. ह्या अवस्थेस हिरडीदाह म्हणतात. तो पुष्कळ काळ तसाच राहिला तर काही माणसांत सूज खाली उतरते, बंध तुटू लागतात, हाड झिजते, खाच खोल होऊन तिचा खिसा बनतो आणि अखेर दात हलू लागतो. लोक ज्यास पायोरिया म्हणतात तो हाच. झिजलेले हाड आपण होऊन पुन्हा वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार ह्या आजाराच्या तीव्र रूपाने पीडित असलेल्यांची संख्या जगभरात एक अब्जाहून अधिक आहे.

निरोगी हिरडी गुलाबी असते, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. ती पुस्तके गोऱ्या लोकांच्या देशांत लिहिली गेली. भारतातील असंख्य माणसांच्या हिरड्या मुळातच तपकिरी वा काळसर असतात आणि तो काही रोग नव्हे. त्वचेला जो रंग देतो तोच द्रव्यांश हिरडीतही असतो, इतकेच. तेव्हा आरशात रंग पाहून घाबरू नये, अथवा निश्चिंतही होऊ नये. कड फुगलेली, गुळगुळीत आणि चकचकीत दिसते काय, आणि स्पर्श होताच रक्त येते काय, ह्या दोन गोष्टी पाहाव्यात.

हिरड्यांचे आजार मनुष्यजातीला नवे नाहीत. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांशी होणाऱ्या पंधरा विकारांची गणना आहे, आणि त्यांपैकी शीताद ह्या विकाराचे मुख्य लक्षण अकस्मात रक्त येणे हेच सांगितले आहे. लक्षण नेमके टिपले गेले, पण कारणाविषयी मात्र फार काळ अंधार होता. कोणी उष्णतेला दोष दिला, कोणी वयाला, कोणी आहारातील सत्त्वांच्या अभावाला, तर कोणी वंशपरंपरेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नामांकित दंतवैद्यांमध्येही ह्याविषयी एकमत नव्हते.

वास्तविक पाहता दोषी कोण, हे त्यापूर्वी तीन शतके एका माणसाने डोळ्यांनी पाहिले होते. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक हा स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून सापडेल ती वस्तू न्याहाळीत असे. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळविले की, आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, चुळा भरतो, तरीही दातांच्या फटींत पिठाच्या लगद्यासारखा पांढरा पदार्थ साचतो. आणि त्या पदार्थात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करताना दिसतात. पुढे त्याने असेही नोंदविले की, दातांवरच्या थरावर व्हिनेगर टाकले असता बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, पण व्हिनेगर थराच्या आत शिरत नाही. नुसत्या चुळा भरून हिरड्या बऱ्या का होत नाहीत ह्याचे उत्तर त्या एका निरीक्षणात दडलेले होते. परंतु ते निरीक्षण आणि रोग ह्यांची सांगड कोणी घातली नाही.

ती सांगड निःसंदिग्धपणे घातली गेली १९६५ साली, डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील दंत महाविद्यालयात. हाराल्ड ल्यो हे मूळचे नॉर्वेजियन संशोधक आणि त्यांचे सहकारी एल्से थायलादे व येन्सेन ह्यांनी योजलेला प्रयोग इतका साधा होता की, तो आधी कोणास सुचला कसा नाही ह्याचेच नवल वाटावे. बारा माणसे निवडली गेली. त्यांपैकी बहुतेक महाविद्यालयातीलच विद्यार्थी होते. सर्वांच्या हिरड्या जवळजवळ निर्दोष होत्या. त्यांना सांगण्यात आले की, आजपासून दात घासावयाचे नाहीत. काडी, ब्रश, काहीही वापरावयाचे नाही. बाकी खाणेपिणे नेहमीप्रमाणे.

मग रोजच्या रोज निरीक्षण सुरू झाले. दातांच्या कडेवरील थराचे नमुने काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जात. आरंभी तेथे निरोगी तोंडात नेहमी आढळणारे गोल जीवाणूच प्रामुख्याने होते. दोनचार दिवसांत वेगळ्या जातीचे गोल व दंडाकृती जीवाणू वाढू लागले. नंतर लांब तंतूंसारखे आणि दोन्ही टोकांना निमुळते असलेले जीवाणू आले. आणि आणखी काही दिवसांनी मळसूत्राच्या आकाराचे, वळवळ करीत सरकणारे जीवाणू दिसू लागले. पडीक शेतात आधी गवत, मग झुडपे आणि मग काटेरी रान माजत जावे, तसा हा क्रम होता. आणि थराचे रूप असे बदलत असतानाच हिरड्यांच्या कडा लाल होऊ लागल्या. कोणाला दहा दिवस लागले, कोणाला तीन आठवडे; पण बाराही जणांना हिरडीदाह झाला. एकही सुटला नाही.

प्रयोगाचा खरा महत्त्वाचा भाग ह्यापुढचा आहे. आजार सिद्ध होताच प्रत्येकास पुन्हा दात नीट स्वच्छ करण्यास सांगण्यात आले. औषध दिले नाही, जीवनसत्त्वाची गोळी नाही, आहारात बदल नाही. साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या आणि काचपट्टीवर पुन्हा तेच जुने, निरुपद्रवी जीवाणू दिसू लागले. काय टाळले असता रोग होतो आणि काय केले असता तो जातो, ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच प्रयोगात मिळण्याचा योग वैद्यकात क्वचितच येतो. दातांच्या कडेवर साचणारा जीवाणूंचा चिकट थर, ज्यास दंतवैद्य प्लाक म्हणतात, हेच हिरडीदाहाचे कारण होय, ह्याविषयी त्यानंतर गंभीर वाद उरला नाही.

मात्र एवढ्यावरून, हिरडीदाह झालेल्या प्रत्येकाचे दात पडणारच, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. ह्या प्रश्नाचे उत्तर भारताच्या शेजारी मिळाले. १९७० साली ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेतील दोन चहामळ्यांवरील ४८० तमिळ मजुरांची तपासणी सुरू केली. दक्षिण भारतातून ब्रिटिश अमदानीत तेथे नेल्या गेलेल्या कुटुंबांचे हे वंशज. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतवैद्य त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता. पंधरा वर्षे अधूनमधून तपासणी होत राहिली. हिरड्या सर्वांच्याच सुजलेल्या होत्या. परंतु सुमारे ८ टक्के मजुरांत हाडाची झीज इतक्या वेगाने झाली की, चाळिशीच्या मध्यापर्यंत त्यांचे जवळजवळ सर्व दात गेले. ८१ टक्क्यांत ती मध्यम गतीने होत राहिली. आणि उरलेल्या ११ टक्क्यांत आजार हिरडीच्या कडेपलीकडे गेलाच नाही. ह्या आकडेवारीचा उल्लेख जगभरच्या पाठ्यपुस्तकांत होतो. ती ज्यांच्या तोंडांतून मिळाली, त्या माणसांच्या वाट्याला उपचार आले नव्हते, हेही ती वाचताना विसरता कामा नये.

आपण त्या ८ टक्क्यांत मोडतो की ११ टक्क्यांत, हे आरंभी कोणालाच सांगता येत नाही. यास्तव तांबडी रेघ दिसली की उपचार सुरू करावयाचा, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

उपचाराचे दोन भाग आहेत, एक दंतवैद्याच्या हातचा आणि दुसरा रोग्याच्या. प्लाकचा थर काही दिवस तसाच राहिला की लाळेतील क्षार त्यात बसतात आणि त्याचे दगडासारखे टणक किटण बनते. खालच्या पुढच्या दातांच्या मागील बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस ते अधिक साचते, कारण लाळेच्या नलिकांची तोंडे तेथेच उघडतात. किटण ब्रशाने निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर भराभर बसतो. म्हणून ते आधी खरवडून काढावे लागते.

ह्या ठिकाणी एका समजुतीचा परामर्श घेणे भाग आहे. 'दात साफ करून घेतले की ते सैल होतात', हे वाक्य काश्मीरपासून केरळपर्यंत निरनिराळ्या भाषांत ऐकू येते, आणि ते म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांना तसे जाणवलेलेच असते. मात्र घडते ते असे : हाड आधीच झिजलेले असते आणि दातांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचे काम किटणाने केलेले असते, पडक्या भिंतीला वेलीने धरून ठेवावे तसे. किटण निघाले की दाताची खरी अवस्था उघड होते. शिवाय सूज उतरल्यामुळे फटी मोठ्या दिसतात आणि काही दिवस थंड पाणी दाताला झोंबते. आजार केवळ कडेपुरता असताना साफसफाई केली तर हलण्याजोगे काही नसतेच. भीतीपोटी उपचार जितका लांबवावा तितकी ती भीती खरी ठरण्याची शक्यता वाढत जाते, हा ह्यातील दुर्दैवी भाग. आजकाल वापरले जाणारे विजेचे उपकरण दात तासत नाही. त्याचे टोक सेकंदाला २५,००० वा त्याहून अधिक वेळा कंप पावते आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली किटण सुटून येते. देशात आज तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. तेथील रुग्णालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी हे काम करतात आणि सरकारी महाविद्यालयांत त्याचे शुल्क अल्प असते.

आता रोग्याच्या हातचा भाग. बहुतेक माणसे दात घासतात ते दिसणारा भाग पांढरा करण्यासाठी. ब्रश दातांच्या मध्यावर जोराने आडवा फिरतो, आणि आजार ज्या ठिकाणी आहे ती हिरडीची कड मात्र तशीच राहते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात वैद्यक विद्याशाखेचे अधिष्ठाता राहिलेले चार्ल्स बास हे दंतवैद्य नव्हते. तरी निवृत्तीनंतर त्यांनी दात व हिरडी ह्यांमधील खाच सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात अनेक वर्षे घालविली आणि १९५४ साली घासण्याची एक पद्धत मांडली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मऊ केसांचा ब्रश घ्यावा. त्याचे केस दात आणि हिरडी जेथे मिळतात त्या रेषेवर तिरपे, सुमारे ४५ अंशांचा कोन करून टेकवावेत, म्हणजे टोके खाचेत शिरतील. मग अगदी लहान, थरथरत्या हालचाली कराव्यात. एका वेळी दोनतीन दात, मग पुढे सरकावे. बाहेरची बाजू संपली की जिभेकडील बाजू. ती सर्वाधिक दुर्लक्षित राहते. ह्यास जोर लागत नाही. जोर लावला तर केस वाकतात आणि खाचेत शिरतच नाहीत. एकंदर दोन मिनिटे लागतात. घड्याळ समोर ठेवून पाहावे, कारण अंदाजाने घासणाऱ्यास अर्धे मिनिटही दोन मिनिटांइतके वाटते.

बास ह्यांचा आग्रह रात्री निजण्यापूर्वी घासण्यावर होता. आपल्याकडे सारा भर सकाळवर असतो. मुखमार्जन हा दिनचर्येतील पहिला विधी, रात्री फार तर चूळ. झोपेत लाळ कमी सुटते आणि थरास निर्वेध वाव मिळतो. म्हणून एकच वेळ निवडावयाची झाली तर रात्रीची निवडावी. १९७३ साली ल्यो आणि सहकाऱ्यांनी दंतविद्यार्थ्यांवरच आणखी एक प्रयोग केला. त्यात असे दिसले की, १२ किंवा ४८ तासांनी एकदा पण संपूर्ण सफाई करणाऱ्यांच्या हिरड्या निरोगी राहिल्या. ७२ तासांचे अंतर ठेवणाऱ्यांच्या मात्र सुजल्या. दिवसातून चार वेळा घाईघाईने ब्रश फिरविणाऱ्याने ह्यावर विचार करावा.

दोन दातांमधील फटीत ब्रश पोचत नाही. फटी मोठ्या असतील तर त्यांसाठी मिळणारे बाटली धुण्याच्या ब्रशासारखे इवलेसे ब्रश उत्तम. दात एकमेकांस खेटून असतील तर दोरा. दोऱ्याचा उपयोग सिद्ध करणारा पुरावा फारसा भक्कम नाही, पण नीट वापरता आला तर अपाय नाही. टाचणी, आगपेटीची काडी ह्यांनी मात्र हिरडीस जखमच होते.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरे वाटते. उत्तरेकडे व बंगालमध्ये मोहरीच्या तेलात मीठ कालवून हिरड्यांना चोळतात, त्यानेही काहींना आराम पडतो. परंतु लेव्हेनहुकच्या व्हिनेगराची जी गत झाली तीच ह्यांचीही होते. थर जागचा हलत नाही, आणि बरे वाटल्यामुळे पुढचा उपचार राहून जातो. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. १९७० साली ल्यो आणि श्योट ह्यांनी दाखविले की, ०.२ टक्के द्रावणाने दिवसातून दोनदा गुळण्या केल्यास दात न घासताही हिरडीदाह टळतो. तरीही ते काही दिवसांपुरतेच, दंतवैद्याच्या सल्ल्याने घ्यावे. दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव बिघडते. कडुनिंबाची वा बाभळीची काडी नीट चावून तिचा कुंचला केला तर ती थर काढू शकते. राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड ह्यांनी दातांच्या माना झिजतात.

तंबाखूचा विषय वेगळा काढावा लागतो. महाराष्ट्रात मिसरी, बिहारमध्ये गुल, ओडिशा व छत्तीसगढमध्ये गुडाखू ह्या नावांनी भाजलेली वा मळलेली तंबाखू दातांना लावली जाते; पुष्कळशा स्त्रिया ती दंतमंजन म्हणूनच वापरतात. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट व दंतमंजने ह्यांच्या उत्पादनावर व विक्रीवर भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली, पण सवय कायद्याने सुटत नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत तर एक विपरीत गोष्ट घडते : त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. सूज आत वाढत असते आणि धोक्याची खूण मात्र पुसली गेलेली असते. अशा माणसाने 'मला रक्त येत नाही' ह्यावर समाधान मानू नये.

आता ही पद्धत सुरू केल्यावर काय अपेक्षावे? पहिल्या तीनचार दिवसांत रक्त अधिक येते. आतापर्यंत ज्या कडेला स्पर्श होत नव्हता तिला तो होऊ लागलेला असतो. बहुसंख्य माणसे ह्याच ठिकाणी माघार घेतात. घरातील सल्ला आठवतो आणि ब्रश पुन्हा खिडकीत जाऊन बसतो. ज्यांनी हात थांबविला नाही, त्यांना पहिल्या आठवड्याच्या अखेरीस चुळेचे पाणी फिके दिसू लागते. दुसऱ्या आठवड्यात बहुतेक ठिकाणचे रक्त थांबते. कड पुन्हा दाताला बिलगते, तोंडाचा वास कमी होतो. एकदोन जागी रक्त येतच राहिले तर तेथे किटण उरलेले असते, किंवा दातात भरलेल्या सिमेंटची वा चांदीची कड बाहेर आलेली असते. ती जागा बोटाने दाखवून दंतवैद्याकडून पाहून घ्यावी.

काही प्रसंगी केवळ ब्रशावर विसंबता येत नाही. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत. गर्भारपणात थोड्याशा थरानेही हिरड्या खूप सुजतात. तेव्हा घासणे सोडू नये. किटण काढून घेणेही त्या काळात निर्धोक असते. अपस्मारासाठी फेनिटॉइन किंवा रक्तदाबासाठी निफेडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढतात. औषध आपल्या मनाने बंद न करता मूळ वैद्यास सांगावे. आणि ब्रशाचा स्पर्शही न होता आपोआप रक्त झिरपत असेल, सोबत ताप वा अंगावर काळेनिळे डाग असतील, तर तो हिरडीचा आजार नसून रक्ताचा असू शकतो. अशा वेळी दंतवैद्याकडे न जाता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

किटण काढून झाल्यावर सहाएक आठवड्यांनी दंतवैद्य पुन्हा बोलावितो. तेव्हा तो खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई प्रत्येक दाताभोवतीच्या खाचेत हलकेच फिरवून खोली मोजतो आणि रक्त येते काय ते पाहतो. रोग्याला आता काहीच त्रास नसतो, म्हणून ही भेट बहुधा चुकविली जाते. सूज खरोखर कडेपुरतीच होती, की कोठे हाडापर्यंत उतरली होती, हे त्या सळईवरच्या आकड्यांवरूनच कळते.